हात मांडीखाली ठेवणारी मॅडम

वंदना पटले मॅडम शिकवताना स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. नवीन माणसाला वाटे, बाईला थंडी वाजत असेल. थंडीचं काही नव्हतं. समोरचा चुकला की शिकवणाऱ्याचा हात आपोआप माऊसकडे जातो, आणि मास्तरनं एकदा माऊस धरला की शिकणारा नुसता पाहत राहतो. म्हणून हात मांडीखाली. सांगायचं ते तोंडानं. मी तिच्याकडे बरेच महिने शिकलो, तिनं माझा माऊस एकदाही धरला नाही. एक दिवस मीच चिडून म्हणालो, "मॅडम, तुमीच करून टाका न एकबार. माझं टकुरं फिरून राहिलं."

ती म्हणाली, "काकाजी, मी जेवली तर पोट तुमचं भरंल काय?"

मी पुन्हा माऊस धरला.

आता मला लोक विचारतात, बुढ्या, तू या वयात कॉम्प्युटर कसा शिकला. कोणी शिकवलं ते कोणी विचारत नाही. म्हणून लिहायला बसलो. मी चौथी पास आहे. पुढे शिकलो नाही याची मला लाज नाही. आमच्या गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजाराच्या वेळच्या तलावात, मासोळी किती, हे मी पाण्याचा रंग पाहून सांगतो. गावात आम्हा धिवरांची मच्छीमार संस्था आहे, आणि जाळं ओढलं की वजन करून ज्याचा त्याचा वाटा लिहिण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. संस्थेचा सचिव प्रमोद, शिकलेला पोरगा. तो एका सभेत म्हणाला, "आता सगळं कॉम्प्युटरवर घेऊ. काकाजी, तुमी आराम करा, हे तुमच्या बस की बात नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि कुडव्याला गेलो.

कुडव्यात मॅडमचा क्लास तिच्या बापाच्या घरीच होता, रस्त्याकडच्या खोलीत. चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकाला झाकण नव्हतं, आतली पंखी फिरताना दिसे. बाहेर पाटी: 'डेटाबेस प्रोग्रामिंग शिकवले जाईल'. या पाटीचा अर्थ अर्ध्या कुडव्याला कळत नव्हता. लोक येत आणि विचारत, "मॅडम, रेल्वे का फॉर्म भरना है." "मॅडम, फोटोकॉपी होगा क्या?" ती हसून बोट दाखवी, "सामनेवाली दुकान में." दिवसातून दहा गिऱ्हाइकं ती समोरच्या दुकानात पाठवी, आणि आत येऊन दोन पोरी आणि एका म्हाताऱ्याला बटन कसं बनवायचं ते शिकवी.

हे तिच्या भावाला खपत नव्हतं. दिनेश त्याचं नाव. मोबाईलची कव्हरं, चार्जर, काचा असं हातगाडीवर विकायचा. माणूस वाईट नव्हता. ऊन-पाण्यात गाडी उभी करून कंटाळला होता आणि रस्त्याकडची खोली त्याला दुकानासाठी पाहिजे होती. तो एकदा आमच्यासमोरच म्हणाला, "ताई, हे शिकवणं म्हणजे पाण्यात लाठी मारणं होय. होळीपर्यंत एक तरी काम दाखव. शिकवणीतलं नाई, खरंखुरं, कुठं चालून राहिलेलं. दाखवलं तर खोली तुझी, मी पुन्हा नाव काढणार नाई. नाई तर दुकान लावतो."

बापानंही मान हलवली. मॅडम म्हणाली, "ठीक आहे." आणि माझ्याकडे वळली, "हं काकाजी, आपण कुठं होतो?"

मला तिथंच कळलं की तिची खोली आता आमच्या तलावावर अवलंबून आहे. कारण तिच्याजवळ खरंखुरं काम घेऊन आलेला मीच एकटा होतो. दोघी पोरी कॉलेजच्या परीक्षेसाठी आल्या होत्या.

तिला याचं एवढं वेड कुठून लागलं, ते तिनंच सांगितलं. आधी ती एका राईस मिलच्या ऑफिसात होती. दुसऱ्यानं केलेला प्रोग्राम चालवायची. एक दिवस तो अडला. दुरुस्त करणारा माणूस नागपूरहून येणार, आणि तो येईपर्यंत धानाचे ट्रक मिलच्या दारात उभे. "माले असा राग आला, काकाजी! गाडी आपली, रस्ता आपला, अन चाबी नागपूरले?" मग तिनं नोकरी करता करता रात्रीची शिकवणी लावली, पुस्तकं आणली आणि नोकरी सोडून खोलीवर पाटी लावली. घरात आईशी पोवारी, गिऱ्हाइकाशी हिंदी, आमच्याशी झाडीतली मराठी आणि मशिनीशी इंग्रजी, अशा चार बोली ती एका श्वासात बोलायची. मशिनीशी बोलताना आवाज सगळ्यात गोड.

मशीन काही चुकीचं दिसलं की पडद्यावर एक चौकोन दाखवते, खाली 'ओके' असं लिहिलेलं. आम्ही सगळे चौकोन दिसला की घाबरून ओके दाबत होतो. मॅडमला याचा भारी संताप. "पाहुणा दारात आला, त्याले पाणी नाई विचारलं, बोलू नाई दिलं, अन दार लावून घेतलं! अशी कुठं रीत असते का? तो काय सांगाले आला ते आधी वाचा."

मी म्हणालो, "मॅडम, हा पाहुणा इंग्रजीत बोलते."

"मंग एक-एक अक्षर सांगा माले. मी अर्थ सांगतो."

ती असंच बोलायची, रागात आली की 'सांगतो'. मग मी अक्षरं वाचायची, तिनं हात मांडीखाली ठेवून डोळे मिटून ऐकायचं आणि अर्थ सांगायचा. माझी इंग्रजी अक्षरं असे चौकोन वाचून पक्की झाली. एक चौकोन आठ दिवस रोज येई. मी म्हणालो, "हा सासरा तर मुक्कामालेच आला." तर म्हणते, "त्याचं एकबार पोटभर ऐका, जाते तो."

आणि खरंच, एक शब्द दुरुस्त केला आणि गेला.

मी आधी सगळं एकाच तक्त्यात भरलं होतं. नाव, जाळं कोणाचं, वजन, हवा कशी होती, त्या दिवशी भांडण कोणात झालं तेही. तिनं पाहिलं आणि खूप हसली. "काकाजी, तुमी एकाच गंजात भात, मासोळी अन खीर शिजवून राहिले." मग तिनं वेगळं करायला लावलं. सभासदांचा तक्ता एक, जाळं ओढल्याच्या दिवसांचा दुसरा. सभासदाला एक नंबर, आणि दुसऱ्या तक्त्यात नावाऐवजी तो नंबर. आमच्याकडे तीन सुखदेव आहेत, दोघांचं तर आडनावही एक. नंबराशिवाय त्यांचा गोंधळ मिटला नसता.

पण नंबर म्हटल्यावर एक नंबर कोणाला? संस्थेत ही गोष्ट आठ दिवस चालली. अध्यक्ष म्हणे माझा, प्रमोद म्हणे सचिवपदाचा मान. मॅडम म्हणाली, "नंबर मशीन आपल्या मनानं देते, तिले अध्यक्ष माहीत नाई. पण पयले कोनाले भरायचं ते काकाजीच्या हातात." मी मोतीरामला भरलं. मोतीराम आमच्यातला सगळ्यात जुना जाळेवाला, दोरीच्या टोकाला तोच उभा राहायचा. वाद तिथंच मिटला. मॅडमनं विचारलं, "हे कोण?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग बरोबर आहे."

शिकवण्याच्या तिच्या तऱ्हा वेगळ्याच. एकदा 'जोवर हे होत नाही तोवर ते करत राहा' हा हुकूम मशिनीला कसा द्यायचा ते समजावायचं होतं. तिनं एका पोरीच्या हातात गिलास दिला, समोर मटका ठेवला आणि म्हणाली, "मी थांब म्हणेपर्यंत ओतत राह्य." पोरगी बादलीतून गिलास भरे आणि मटक्यात ओते. मॅडम आमच्याशी बोलत राहिली. मटका भरला, वाहू लागला. पोरगी ओततेच आहे. आम्ही सगळे मटक्याकडे पाहून राहिलो आणि मॅडम काही थांब म्हणेना. पाणी दाराखालून पलीकडे गेलं. पलीकडे दिनेशचा माल होता. तो ओल्या कव्हरांचे पुडके हातात घेऊन आला, "हे काय चाललं होय?"

मॅडम म्हणाली, "थांबायचं कधी ते न सांगता हुकूम दिला की असं होते. समजलं सगळ्याहीले?"

"माझ्या मालावर कायले समजावतं!" दिनेश ओरडला.

"सॉरी भाऊ. पण आता हे कोनी विसरणार नाई."

खरं आहे. मी विसरलो नाही. दिनेशही विसरला नसेल.

दिवाळीनंतर आमचा प्रोग्राम तयार झाला. सरावासाठी आम्ही त्यात वांगेराम, भेंडाबाई, टमाटरलाल असे खोटे सभासद भरून पाहत होतो. एकाला पुसलं की त्याचे ओढीचे दिवसही सोबत पुसले जावेत, म्हणून मॅडमनं आत कुठंतरी एक टिक लावून ठेवली होती. वांगेराम गेला की त्याची सगळी वांगी गेली, जागा साफ. मग खरी नावं भरली आणि संस्थेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर काम सुरू झालं. थंडीभर जाळं ओढलं की वजन मी त्यात भरत होतो. बटन दाबलं की प्रत्येकाचा वाटा कागदावर. प्रमोद मागं उभा राहून पाहायचा.

होळीच्या आधी संस्थेची सभा. त्या सभेत ठराव होऊन प्रोग्राम पक्का होणार होता आणि मॅडम दिनेशला घेऊन येणार होती, काम डोळ्यांनी दाखवायला. ठराव झाला तरच तो ते खरंखुरं काम धरणार होता.

सभेच्या आदल्या आठवड्यात मोतीराम वारला. म्हातारपणच म्हणायचं, झोपेत गेला.

सभेच्या सकाळी प्रमोद म्हणाला, "काकाजी, मेलेल्याचं नाव काढून टाका, यादी साफ दिसली पाहिजे." मी नाव निवडून पुसायचं बटन दाबलं. चौकोन आला. लांबलचक. मी एक-एक अक्षर वाचून दाखवलं. प्रमोद म्हणाला, "विचारून राहिला पक्का का म्हणून. दाबा." दाबलं.

सभा वडाखाली भरली. मॅडम आणि दिनेश मोटारसायकलवर आले. मी कागद छापून आणला, अध्यक्षांनी एकेकाचा हंगामाचा वाटा वाचला. सगळ्यांचा झाला. मग मागून मोतीरामची बायको कौतिका उभी राहिली. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. "माझ्या माणसाचं नाव काऊन नाई वाचलं?"

अध्यक्षांनी कागद उलटा-सुलटा केला. मोतीराम कुठंच नव्हता. थंडीभर तो दोरीच्या टोकाला उभा होता, आणि एकाही दिवसात नव्हता.

"म्हणजे तो आलाच नाई म्हणता?" कौतिका म्हणाली. ओरडली नाही. साधंच म्हणाली.

प्रमोद म्हणाला, "काकाजीनं चुकीचं बटन दाबलं, बाकी काई नाई."

माझ्या ओठांवर शब्द आलेच होते, तेवढ्यात मॅडम उठली. तिनं एकदा दिनेशकडे पाहिलं. मग म्हणाली, "काकाजीनं बरोबर दाबलं. ती टिक मी लावली होती, सरावासाठी. काढाले विसरली. चूक माझी होय."

आदल्या दिवशी ती काम तपासून गेली होती, तेव्हाची प्रत तिच्याजवळ होती, छोट्या पेन ड्राईव्हमध्ये. ती संस्थेच्या खोलीत गेली, मी सोबत. थोड्या वेळात मोतीराम परत आला, त्याचे सगळे दिवस परत आले. छापलेला कागद कौतिकाच्या हातात दिला. लोक मोकळे झाले, कोणी टाळीही वाजवली. अध्यक्ष म्हणाले, "झालं तर मंग, ठराव लिहा."

तिथं थांबली असती तर खोली तिची होती. दिनेश तर हसत होता, मी पाहिलं.

पण कौतिका खाली बसली नव्हती. तिनं विचारलं, "अन उन्हाळ्याच्या ओढी बाकी होत, त्याचं काय?"

मॅडमला कळेना. मी सांगितलं. आमच्यात अशी रीत आहे की पावसाळ्यात तलावात मासोळीचं बीज सोडताना ज्याचा हात लागला, तो हंगामात मेला तरी ती मासोळी संपेपर्यंत त्याचा वाटा चालू राहतो. नवीन बीज पडलं की थांबतो. तलावातली मासोळी त्यानंच सोडलेली ना.

मॅडमनं ऐकून घेतलं. मग अध्यक्षांना म्हणाली, "साहेब, हे माझ्या प्रोग्राममध्ये नाई. त्यात माणूस एक तर आहे, नाई तर पुसला. मधातलं काई नाई. मी तुमाले कधी विचारलंच नाई."

"हातानं लिहू न तेवढं," कोणी म्हणालं.

"अन पुढं काकाजी नसतील तवा? कोनी पुन्हा पुसलं तर?" ती म्हणाली. "आज पक्का करू नका."

अध्यक्षांना ठराव लांबवायला निमित्तच हवं असतं. "बरं, पुढच्या हंगामाले पाहू."

दिनेश मोटारसायकल सुरू करताना बोलला ते मी ऐकलं. "सगळं परत आलं होतं न, ताई? सांगाची काय गरज होती?"

ती मागं बसत म्हणाली, "परत आलं होतं. बरोबर नोतं."

होळी झाल्यावर मी कुडव्याला गेलो तर पाटी बदलली होती. खोलीत मोबाईलची कव्हरं लटकलेली, निळी, गुलाबी, कुठं ससे, कुठं पऱ्या. दिनेशनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तीन कॉम्प्युटर विकले गेले होते. चौथा, बिनझाकणाचा, आत स्वयंपाकघरात धानाच्या कोठीजवळ स्टुलावर होता आणि त्याच्यापुढं मॅडम. रायपूरला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागल्याचं तिनं सांगितलं. जून लागला की जाणार. ती रडली असेल तर माझ्यासमोर नाही. मला समजूत घालता येत नाही.

मे महिन्यात तलावाचं पाणी उतरलं, शेवटची मोठी ओढ ठरली. सकाळीच तलावाच्या पाळीवर, बांधावर, स्कुटी दिसली. मॅडम. ओढणी डोक्याला बांधलेली, गळ्यात पिशवी. सरळ संस्थेच्या खोलीत गेली, कॉम्प्युटर सुरू केला आणि मला बोलावलं. "बसा काकाजी. मोतीरामजीचं नाव काढा."

मी काढलं. पुसायचं बटनच नव्हतं. त्या जागी दुसरं होतं, 'निधन' लिहिलेलं. दाबलं तर मशिनीनं मराठीत विचारलं, शेवटचं बीज कोणत्या वर्षी सोडलं? मी भरलं. मग विचारलं, वाटा घेणार कोण? मी कौतिकाचं नाव लिहिलं. मोतीराम यादीत राहिला, एक नंबरवर. त्याच्यापुढं त्याची बायको.

मी विचारलं, "आता कायले केलं मॅडम? खोली तर गेली."

"सुरू खोलीसाठीच केलं होतं काकाजी, खोटं कायले बोलू. पण कौतिकाबाई काय माझ्या खोलीसाठी उभ्या राहिल्या होत्या?"

बाहेर जाळं पडलं होतं. आम्ही पाळीवर आलो. चिखल गुडघाभर, जाळं जड, आणि दोरीच्या त्या टोकाला माणूस कमी पडत होता. तिथं मोतीराम असायचा. प्रमोद ओरडून राहिला, "कोनी या रे इकडं!" मी माझं धोतर खोचतो तोवर मॅडम चपला पाळीवर सोडून खाली गेली होती. चिखलात घसरली, एका सुखदेवनं धरली, आणि तिनं दोरी पकडली. तिला ओढता येत नव्हतं. सगळे जोर लावत तेव्हा ती श्वास घ्यायची आणि सगळे थांबत तेव्हा ही एकटी ओढायची. बाया काठावर हसून लोळत होत्या. "ओ मॅडम, एकटीच तलाव नेऊन राहिली काय?" तिनं दोरी सोडली नाही. जाळं काठाला लागलं तेव्हा तळहात लाल झाले होते.

वजन झालं, वाटे पडले. जो दोरीला हात लावतो त्याचा वाटा पडतोच, पाहुणा असो की पोलीस. मी तिचाही पाडला, एक मोठा कतला. ती घाबरली. "काकाजी, नको. आमच्या घरी मासोळी शिजत नाई."

कौतिका पुढं आली. "शिजवा नाई तर शेजारी द्या. दोरीले हात लावला न? वाटा सोडून जाता येत नाई, मॅडम. मेलेल्याले नाई सोडता येत, तुमी तर धडधाकट होत."

मी खोलीत जाऊन तिचा वाटा भरायला बसलो. मशिनीनं घेतला नाही. सभासद नंबराशिवाय वाटा लिहिता येत नाही, असं मराठीत सांगितलं. ती मागं उभी होती. मी म्हणालो, "हे तुमीच केलं होय." ती म्हणाली, "मीच." मग मी सभासदांचा फॉर्म उघडला आणि एक-एक अक्षर शोधून तिचं नाव भरलं. प्रमोद दारातून म्हणाला, "काकाजी, ठरावाबिगर?" मी म्हणालो, "ठराव कर तू बसून." मशिनीनं आपल्या मनानं तिला नंबर दिला.

ती निघाली तेव्हा ऊन चढलं होतं. कतला सुतळीनं बांधून कोणी स्कुटीच्या हँडलला लटकवून दिला होता. पाळीवरची वाट खडबडीत. प्रत्येक खड्ड्यात मासोळी इकडून तिकडे झुले आणि मॅडम तिच्यापासून आपले कपडे वाचवायला उलट्या बाजूला कलायची, म्हणून स्कुटीही तिरपीच चालली होती. मागं गावची दोन कुत्री. ती ओरडून कुत्र्यांना हाकलत होती, कोणत्या बोलीत ते इथून ऐकू आलं नाही. पाळ संपते तिथं वळण आहे. वळणावर तिनं एक हात सोडून मासोळी धरली, पडू नये म्हणून छातीशी घेतली आणि गेली.